साखळीला बांधलेली भीती

जावळी खोऱ्यात कुत्रे पाळण्यामागे हौसेपेक्षा गरज मोठी असते. मेढा तालुक्याचे ठिकाण खरे, पण वेण्णेचा काठ सोडून डोंगराच्या अंगाला लागले की वस्त्या विरळ होतात. घराला लागून गोठा, गोठ्यामागे रान आणि रानात बिबट्या. पुष्कळ घरांतली कर्ती माणसे मुंबईत कामाला आणि मागे म्हातारे आई-वडील, दोन-चार जनावरे. अशा घराला रात्री जागणारे कुत्रे लागतेच. ते ‘तिखट’ असावे अशी अपेक्षा असते आणि ते तिखट करण्याची एक रीतही वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. पिल्लू लहान असतानाच साखळीला बांधायचे, परक्या माणसांच्या अंगाखांद्यावर खेळू द्यायचे नाही, चुकले की काठी दाखवायची आणि दाखवून भागले नाही तर मारायची. सातारा-सांगलीकडच्या गावांतच नव्हे, शहरातल्या बंगल्यांच्या फाटकांमागेही थोड्याफार फरकाने हीच रीत दिसते. तिच्यातून राखणदार तयार होतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा भेदरलेले जनावर तयार होते. ते पोस्टमनवर भुंकते, पाहुण्यावर भुंकते, वाऱ्याने हललेल्या पत्र्यावरही भुंकते. ढगांचा गडगडाट झाला की गव्हाणीखाली शिरते आणि एक दिवस घरातल्याच पोराचा हात धरते. माझे म्हणणे एवढेच आहे की अशा कुत्र्याची भीती धाकाने जात नाही, वाढते. ती कमी करायची असेल तर त्या जनावराला थोडे अंतर, थोडा वेळ आणि मागे सरण्याची मोकळीक द्यावी लागते. हे म्हणणे भावनेतून आलेले वाटेल, पण त्यामागे शंभर वर्षांचा पुरावा उभा आहे.

भीतीची मुळे कुठे असतात, हे आधी पाहू. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1965 साली आले. पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा त्याचे जग ठरवणारा काळ असतो, असे त्यांना दिसले. या दिवसांत ज्याची सवय होते ते आयुष्यभर आपले वाटते, जे दिसतच नाही त्याचे भय बसते. त्याच केंद्रातल्या 1961 सालच्या प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाविना वाढवली होती. पुढे कितीही प्रयत्न केले तरी ती माणसाला बुजतच राहिली. आपल्याकडच्या धनगरांना या गोष्टीची व्यवहारातली बाजू पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. वाड्यावर जन्मलेले पिल्लू मेंढरांच्या पायांत वाढते, कोकरांबरोबर झोपते आणि म्हणून मोठेपणी कळपाला आपला मानते. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकाने 1970च्या दशकापासून कळप राखणाऱ्या कुत्र्यांवर काम केले, त्याचेही सार हेच होते: राखण मारून शिकवता येत नाही, ती लहानपणीच्या सोबतीतून येते. मग आपण अंगणातल्या पिल्लाला नेमक्या त्याच आठवड्यांत खुंट्याला बांधून जगापासून तोडतो, तेव्हा त्याच्यात शौर्य कुठून येणार? ज्याने लहानपणी चार अनोळखी माणसे, छत्री, मोटारसायकल, शाळकरी मुलांचा घोळका पाहिलेलाच नाही, त्याला मोठेपणी प्रत्येक गोष्ट संकटच वाटणार.

धाकाने काय होते, हे सांगणारे प्रयोग वाचायला त्रासदायक आहेत आणि आज कोणी ते करू नयेत. पण कुत्र्यांनी ती किंमत मोजलेलीच आहे, तर त्यातून शिकणे टाळू नये. 1924च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि रशियन शास्त्रज्ञ पावलॉवच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचले. त्यानंतर त्यांतले काही कुत्रे आधी पक्के शिकलेले सारे विसरले. एका कुत्र्याच्या खोलीत पुढे नुसता पाण्याचा ओहळ सोडला, तरी तो पुन्हा तसाच कोसळला. घाबरलेल्या मेंदूत शिकवण टिकत नाही, याची ही फार जुनी नोंद. तिच्याहून महत्त्वाचे काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1967 साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी केले. काही कुत्र्यांना विजेचे धक्के दिले, पण डोक्याने फळी दाबली की धक्का थांबे. दुसऱ्या गटालाही तेवढेच धक्के बसले, मात्र ते थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. पुढे दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवले जिथे कमरेएवढीही नसलेली भिंत ओलांडली की सुटका होती. पहिल्या गटातल्या कुत्र्यांनी ती ओलांडली. दुसऱ्यातले बहुसंख्य जागेवर पडून धक्के सोसत राहिले. लाचारी शिकता येते, असा त्या वेळी निष्कर्ष निघाला आणि तो जगभर गाजला. पण पन्नास वर्षांनी, 2016 साली, त्याच दोघा शास्त्रज्ञांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासापुढे गलितगात्र होणे ही सस्तन प्राण्याची मूळची प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. मला या सगळ्या विषयात याहून मोलाचे वाक्य दुसरे सापडलेले नाही. मार खाऊन गप्प बसलेले कुत्रे पाहून मालक म्हणतो, ‘बघा, सुधारला.’ ते सुधारलेले नसते, त्याने हात टेकलेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कुत्रे म्हणजे मुळात लांडगा, त्याच्या टोळीत एकच म्होरक्या असतो आणि आपण म्होरक्या आहोत हे दाखवून दिले नाही तर तो डोक्यावर बसतो. ही समजूत रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरली. एकमेकांशी नाते नसलेली जनावरे एका कुंपणात कोंबली तर ती झगडतात, एवढेच त्यातून दिसत होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघर नेली आणि त्याच मेक यांनी पुढे एल्झमियर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या सहवासात उन्हाळे काढून 1999 साली ती खोडून काढली. रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्ले. तिथले पुढारपण आईबापांचे असते. आपलेच जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून मेक यांनी प्रकाशकाकडे धरणे धरल्यासारखा पाठपुरावा केला. शास्त्रज्ञाने मागे घेतलेली कल्पना आपण मात्र काठीसारखी हातात धरून बसलो आहोत. आणि या काठीची किंमत मोजलेलीही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच पशुरुग्णालयात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना काय काय उपाय करून पाहिले हे विचारले गेले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय केलेल्यांपैकी 43 टक्के मालकांनी सांगितले की त्यावर कुत्रा उलटला. उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी 31 टक्क्यांचा अनुभव तोच. पोर्तुगालमध्ये 2020 साली 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास झाला. ज्या शाळांत दटावणी आणि पट्ट्याचे हिसके जास्त, तिथल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचे संप्रेरक जास्त वाढले आणि अनोळखी परिस्थितीत त्यांचा कल वाईटच घडेल असे मानण्याकडे दिसला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाने 63 कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची तुलना केली, तेव्हा विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्याचा बक्षिसाच्या पद्धतीहून काहीच जादा फायदा दिसला नाही. म्हणजे धाक क्रूर आहे म्हणून सोडायचा, पण उपयोगी होता, असेही नाही.

‘मग पोलिसांची, लष्कराची कुत्री?’ हा पुढचा प्रश्न. तिथे तर शिस्त कडक असते ना? शिस्त असते, पण तिचे इंधन वेगळे असते. पुण्याच्या शिवाजीनगर इथल्या प्रशिक्षण केंद्रातून तयार झालेल्या ‘जंजीर’ या कुत्र्याने 1993च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई परिसरात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. वासाने स्फोटके शोधणारे कुत्रे जगभर चेंडू, खेळ आणि खाऊ यांच्या बळावर शिकवले जाते, कारण भेदरलेले कुत्रे वास घेत नाही, हाताळणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहते. आपल्या भागातल्या कारवानचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. सांगली-सातारा-सोलापूर पट्ट्यातले आणि पलीकडे मुधोळच्या नावाने ओळखले जाणारे हे लांब पायांचे, बारीक कमरेचे कुत्रे पूर्वी शिकारीसाठी बाळगत. 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. कुत्रा उरला, त्याचे काम गेले. धावण्यासाठी घडलेले हे अंग आणि परक्याला पटकन जवळ न करणारा हा स्वभाव घेऊन तो आता आखूड साखळीला दिवस काढतो. कारवानला वाकडा हात लावला की तो मनातून तुटतो, हे ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला त्यांना सांगावे लागत नाही. हौसेने नव्याने पिल्लू विकत घेणाऱ्यांना मात्र सांगायला हवे.

करायचे काय, याची वाटही जुनीच आहे आणि ती कुत्र्यांपासून नव्हे, एका मुलापासून सुरू झाली. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडता खाऊ खात असताना ससा दुरून दाखवला, मग त्याच्या कलाने रोज थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. भेदरलेल्या कुत्र्याचे शिक्षण म्हणजे हेच. ज्याची भीती आहे ते इतक्या लांब किंवा इतक्या हळू आवाजात ठेवायचे की कुत्र्याला ते जाणवेल, पण कुत्रे खाणे सोडणार नाही. ते दिसले किंवा ऐकू आले की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा, थोडी सुकट, जे त्याला प्रिय असेल ते द्यायचे. दिवसांमागून दिवस अंतर कमी करायचे. कुत्र्याने खाणे थांबवले, तोंड फिरवले, ओठ चाटले, कारण नसताना जांभई दिली, डोळ्यांचे पांढरे दाखवले, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यायचे. गुरगुरण्याबद्दल कधीही शिक्षा करायची नाही. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. ती मारून बंद केली तर उरतो तो सूचना न देता घेतलेला चावा. इथे अनुभवी माणसेही एक शंका काढतात: घाबरले असताना खाऊ दिला तर भित्रेपणाला बक्षीस दिल्यासारखे होणार नाही का? नाही होणार. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही कृती नाही, ती ठरवून करता येत नाही आणि लाडू मिळेल म्हणून कोणी जास्त घाबरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या श्टेफानी रीमर यांनी फटाक्यांच्या भीतीबद्दल कुत्र्यांच्या हजाराहून अधिक मालकांची पाहणी केली. आवाज झाला की लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के मालकांना फरक जाणवला होता. आपल्याकडे दिवाळीच्या सुतळी बॉम्बपासून विसर्जनाच्या डीजेपर्यंत या उपायाला संधीची कमतरता नाही. मात्र सराव श्रावणात सुरू करायला हवा, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाही.

सगळी भीती शिकवणीने घालवायची नसते, हेही इथेच म्हटले पाहिजे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला 39 टक्के वाटा, वजनाच्या हिशेबात, पाळीव किंवा मोकाट कुत्र्यांचा होता. तो ऊसपट्टा, जावळी हा डोंगर. आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे रात्री का थरथरते याचे उत्तर त्यात आहे. पळून जाण्याचीही सोय नसलेल्या जनावराला धीट हो म्हणून दटावणे हा अन्याय आहे. त्याला रात्री पडवीत, दाराच्या आत, किंवा जाळी लावलेल्या खोपीत घेतले पाहिजे. ते आतूनही भुंकते आणि घराला तेवढीच जाग येते.

करुणेचीही एक चुकीची तऱ्हा असते. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा महाराष्ट्राच्या मनात घर करून आहे. तिच्यातला भाव थोर आहे आणि तो आपण घ्यावा. पण पळणाऱ्या कुत्र्याला मागे लागलेली पावले तेवढी कळतात, हातातले तूप कळत नाही. भेदरलेल्या कुत्र्याला उचलून घेणे, कवटाळणे, कोपऱ्यातून ओढून ‘काही होत नाही रे’ म्हणत पाहुण्यांपुढे आणणे, हे प्रेमाने केले तरी त्याच्या बाजूने पाहता जबरदस्तीच आहे. वाटी खाली ठेवावी, तोंड फिरवून बाजूला बसावे आणि त्याला येऊ द्यावे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांच्या 2017च्या एका प्रयोगात अनोळखी माणसाबद्दलचा विश्वास खाऊपेक्षा वारंवारच्या हळुवार स्पर्शाने अधिक वाढलेला दिसला. दुसऱ्या अभ्यासात माणूस बोटाने दाखवतो ते ओळखण्याची समज भटक्या कुत्र्यांतही दिसली, पण जवळपास निम्मी कुत्री मुळात जवळच आली नाहीत, ती धास्तावलेली होती. समज होती, माणसाची खात्री नव्हती. ती खात्री बसेपर्यंत थांबणे हा या शिक्षणाचा सगळ्यात अवघड भाग आहे आणि तो कुत्र्याला नाही, माणसाला शिकायचा असतो.

म्हणूनच मालकाचाही विचार व्हायला हवा. फिनलंडमध्ये 13,700 पाळीव कुत्र्यांची पाहणी झाली, तेव्हा 32 टक्के कुत्र्यांना आवाजाची भीती असल्याचे दिसले. म्हणजे ज्याचे कुत्रे घाबरते तो एकटा नाही, पण त्याला तसे वाटते. शेजारी हसतात, घरातले म्हणतात सोडून दे कुठेतरी, आणि तो माणूस चारचौघांत लाज राखण्यासाठी कुत्र्याला हिसका देतो. त्याच्या हातातला ताण दोरीतून पुढे जातो. स्वीडनमधल्या लिंकशॉपिंग विद्यापीठाने 2019 साली 58 कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतले ताणाचे संप्रेरक मोजले, तर दोघांचे चढउतार महिनोन्‌महिने जुळत होते. गावाकडे याला आणखी एक पदर आहे. मुंबईतल्या मुलाने हौसेने घेतलेले कुत्रे खोलीत मावेना म्हणून गावी पाठवलेले असते, आणि सत्तरीची आई जमेल तसे त्याला सांभाळते. मुलुखाला नवे असलेले जनावर आणि जनावराला नवी असलेली बाई, दोघेही एकमेकांना घाबरून असतात. तिला दोष देऊन काय साधणार? तिला कोणीतरी अंगणात बसून दाखवायला हवे की दोरी सैल कशी धरायची आणि कुत्रे आडोशाला गेले तर त्याला तिथेच कसे राहू द्यायचे.

सगळ्यात रास्त आक्षेप शेवटी घेतो. माणसांना रेबीज होतो, पोरांना कुत्री फाडतात, सरकारी दवाखान्यात लस वेळेवर मिळेल की नाही याची चिंता असते. अशा वेळी कुत्र्याच्या मनाचा विचार करा असे सांगणे म्हणजे माणसांची थट्टा नव्हे का? हा राग खरा आहे. पण तो या पद्धतीच्या विरुद्ध जात नाही. भीती हे चाव्याचे एक मोठे कारण आहे, आणि मारलेले कुत्रे उलटते हे वरच्या आकड्यांत आलेच आहे. रेबीज थांबवण्यासाठी दहातली सात कुत्री लसवंत असावी लागतात आणि 2030पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट देशाने 2021च्या कृती आराखड्यात स्वीकारले आहे. हाताला न येणारे, दवाखान्याच्या दारात अंग टाकणारे, डॉक्टरला धरू न देणारे कुत्रे या सातांत कधीच येत नाही. त्याला तोंडाला जाळी लावून घ्यायची सवय खाऊ देत देत हळूहळू लावता येते, हे मालकाला कोणी सांगितलेलेच नसते. खर्चाचा मुद्दाही फार टिकत नाही. लागते ती भाकरी, अंडे आणि रोजची दहा मिनिटे. कायद्याचे म्हणाल, तर 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा कुत्र्याचा नाव घेऊन उल्लेख करतो: सतत साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. तो वाढवावा या मताचा मी आहे, पण दंडाने जे होणार नाही ते शिकवण्याने होईल, असे वाटते.

या पद्धतीने प्रत्येक कुत्रे धीट होते, असा दावा कोणी करू नये. चौदा आठवडे माणूस न पाहिलेल्या पिल्लांचे उदाहरण वर आले आहे. काहींना औषध लागते आणि ते पशुवैद्यकाने ठरवावे. काहींना आयुष्यभर पाहुणे आले की मागच्या दाराने परड्यात जाऊ द्यावे लागते, आणि ज्याने पूर्वी चावा घेतला आहे त्याला मुलांपासून वेगळे ठेवणे हे करुणेतच येते. पण बहुतेकांच्या बाबतीत बरेच काही करता येते, विशेषतः पिल्लू असतानाच. मेढ्याला पंचायत समिती आहे, सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरण शिबिरे भरतात. त्या शिबिरात सुईच्या आधी पंधरा मिनिटे मालकांसाठी ठेवावीत. कुत्र्यांच्या रांगा एकमेकांपासून लांब उभ्या कराव्यात, प्रत्येकाच्या हातात खाऊची पुडी असावी, कुत्र्याला ओट्यावर न ओढता लस जमिनीवर बसून टोचावी. ज्यांच्याकडे दोन-तीन महिन्यांच्या आतले पिल्लू आहे, त्यांना महिनाभराने पुन्हा बोलवावे आणि तोवर त्याने किती वेगवेगळी माणसे, जनावरे, आवाज पाहिले-ऐकले ते विचारावे. शाळांनी मुलांना कुत्र्याच्या अंगावर धावू नये, खाताना-झोपताना हात लावू नये आणि चावा झाल्यास पंधरा मिनिटे साबणपाण्याने जखम धुऊन लगेच दवाखाना गाठावा, एवढे तीन धडे दिले तरी पुष्कळ. यासाठी नवी योजना, नवा निधी लागत नाही. पुढच्या शिबिराचे पत्रक निघेल तेव्हा त्यात ‘कुत्र्याला उपाशी आणा, खाऊ सोबत आणा, काठी घरी ठेवा’ एवढी एक ओळ वाढवावी.